चिखलाच्या माणसाच्या दोन काठ्या

आंबेरकर गुर्जींना पंचाहत्तर वर्षं पुरी झाली. गौरवाच्या पुस्तकात काहीतरी लिहा म्हणून कमिटीवाले चार वेळा येऊन गेले. मी सातवी नापास. गोड लिहिणं जमत नाही. झालं ते सांगतो, आमच्या वाडीतली सुमन उतरवून घेते आहे.

गुर्जी पहिल्यांदा दिसले ते माझ्या शेताच्या बांधावर. लावणी चाललेली. नवे मास्तर, विजार गुडघ्यापर्यंत वर.

"बाबा, दोन घमेली चिखल द्याल?"

"कशाला? शाळा सारवताय?"

"माणूस करायचा आहे."

म्हटलं, हे खुळावले.

शाळेत हाडांचा सापळा नव्हता. गुर्जींनी पोरांकडून चिखलाचा माणूस करून घेतला. उभा केला की मटकन खाली बसायचा. पोरं हसून लोळायची. मग गुर्जींनी आत बांबूच्या काठ्या घालायला लावल्या, तेव्हा कुठे तो उभा राहिला. पाठीला लांब काठी नाही, दोरीत ओवलेले तुकडे, वाकता यावं म्हणून. कोपराखाली मात्र दोन काठ्या, शेजारी शेजारी. "तुमचाच हात चाचपून बघा," म्हणायचे.

मी गावात हाडं बसवायचो. बापापासूनचं काम. पाचवीत असताना हीच सुमन काजूवरून पडली. हात टम्म सुजलेला. मी एक हाड बसवलं, पट्टी आवळली.

रडत रडत म्हणते, "आजोबा, दुसरं हाड?"

"कुठलं गो दुसरं?"

"गुर्जींनी इथे दोन काठ्या लावल्यानी."

"मग जा, गुर्जींकडूनच बांधून घे!"

हात वाकडा जुळला. गुर्जी स्वतः तिला रत्नागिरीला दवाखान्यात घेऊन गेले. एक्स-रेच्या फोटोत दुसरं हाडही मोडलेलं निघालं. उशीर झाला होता. परत येऊन चारचौघांत मला म्हणाले, "बाबा, पोरीने सांगितलं होतं. ऐकायचं होतंत." एवढंच.

गावाला ते झोंबलं. मला जास्त. मास्तर पोरांना चिखलात बसवतात, धडे घेत नाहीत, असा अर्ज वर गेला. पहिली सही माझी. गुर्जींची बदली झाली. नोकरीची उरलेली वर्षं त्यांनी मंडणगडच्या डोंगरात काढली, घरापासून लांब.

जायच्या आधी माझ्या पडवीत आले. अर्ज त्यांना ठाऊक होता. माझा हात धरला, उताणा केला, पालथा केला. "आता बोट ठेवा इथे. लागतात दोन?"

लागली. तीस वर्षं लोकांची हाडं ओढली, स्वतःचा हात कधी चाचपला नव्हता. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. पण त्या दिवसापासून फोटो बघितल्याशिवाय कुणाच्या हाडाला हात लावला नाही.

सह्या करणारे आता कमिटीत आहेत. गुर्जी गावाचं भूषण, म्हणतात! वयाने मोठा म्हणून सत्काराची शाल मी घालावी, असं ठरवलंनी. मी नाही म्हटलं. सुमन घालेल. तिचा उजवा तळवा अजून उताणा होत नाही, देवळात तीर्थ डाव्या हातावर घेते. शाल घालताना सगळ्यांनी तो हात बघावा.

गुर्जी, हातीपायी धड राहा, शंभर पावसाळे बघा. आम्ही तुमच्याशी कसे वागलो, हे सांगायला कुणीतरी खरं बोलणारं माणूस गावाला हवं.

त्या अर्जावर पहिली सही माझी होती. या कागदाखालीही मीच करतो आहे.