माणसं किती?

जामखेडकडचं ते ऊन आठवलं की मला आधी फक्कीचा वास येतो. नकाशावरची रेघ जमिनीवर उतरवताना आम्ही चुन्याची जी पांढरी भुकटी सोडतो, तिला फक्की म्हणतात. त्या दिवशी वाऱ्यानं ती माझ्या चष्म्यावर, भुवयांवर आणि कोरड्या ओठांवर येऊन बसली होती आणि बरोबरचं पाणी केव्हाच संपलं होतं. बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला, त्यानंतरचा हा चैत्र. उजाड माळावर कडुनिंब तेवढा खुशाल मोहरला होता, आणि त्याचा तो कडवट-गोड दरवळ त्या तापलेल्या धुळीत इतका परका वाटत होता की, खरं सांगतो, मला त्याचा रागच आला.

मी वास्तुशिल्पी. शिकत असताना आमचे एक गुरुजी नेहमी सांगत, हिंडा, पाय दुखेपर्यंत हिंडा, त्याशिवाय हाताला रेघ सुचायची नाही. त्यांचं ऐकून मी वेरूळला आठ-आठ दिवस काढले, नदीकाठचे घाट पाहिले, कमानींच्या सावल्या दर प्रहराला कशा सरकतात त्याची चित्रं काढून वह्या भरल्या. वर्गातला एक मित्र पुढे परदेशी गेला आणि तिथल्या चर्चची रंगीत कार्डं पाठवू लागला. माझ्या वाट्याला सरकारी इमारती आल्या आणि नगर ते पारनेर, नगर ते जामखेड अशी एसटीची खिळखिळी बाकडी आली. कोपरगावच्या वाटेला निदान उसाचा हिरवा रंग दिसे; इकडे तोही नाही. चाळिशी उलटली तेव्हा माझा हात सवयीनं रेघा काढत होता, आणि प्रवासाचं म्हणाल तर मी खिडकीला डोकं टेकून झोपत असे.

त्या गावी दवाखाना व्हायचा होता. आदल्या वर्षी जागा पाहायला गेलो तेव्हा चावडीत बसून गावच्या वृद्ध पाटलांना मी आमच्या धंद्यातला ठरलेला प्रश्न विचारला होता, रोज माणसं किती येतील? त्यांनी विचार करून सांगितलं, "पंधरा-ईस मानसं येत्याल की." वीस माणसांच्या मापानं मी बसायची खोली काढली, नकाशा मंजूर झाला, आणि आता दुष्काळी कामावर त्याचा पाया खांदला जात होता. मी आखणी तपासायला आलो होतो, एवढंच.

योगायोगानं तो डॉक्टरांचा वार होता. ते आठवड्यातून एकदा, भर दुपारी, चावडीत येऊन बसत. कट्ट्यावर निंबाच्या सावलीत पुरुषमंडळी बसली होती. मी सहज मोजली, अठरा भरली, आणि आपलं माप चुकलं नाही म्हणून वेड्यासारखा सुखावलो. मग पाणी मागायला चावडीला वळसा घातला. मागच्या भिंतीला वीतभर सावली उरली होती आणि तिथे चाळीसेक बाया भिंतीकडे तोंड आणि उन्हाकडे पाठ करून बसल्या होत्या. सावलीच्या त्या पट्टीत त्यांनी पोरं निजवली होती. कुणाचं अंग तापानं फणफणलेलं, कुणाचे डोळे आलेले, एकीला दिवस भरत आलेले. पायाच्या कामावरची गयाबाईही हातची कुदळ ठेवून आजारी नातीला घेऊन आली होती. नातीच्या कपाळावर पदराची सावली धरून ती बसली होती.

मी तणतणत पाटलांकडे गेलो. म्हटलं, तुम्ही तर वीसच माणसं सांगितली होती. म्हातारा निर्मळ नवलानं माझ्याकडे पाहत राहिला. "ईसच हायेत की सायेब. त्या बाया हायेत."

त्यांनी मला फसवलं नव्हतं. आमच्या घरीही पंगतीला आधी माणसं बसतात आणि मागून बायका. ही भाषा मी जन्मभर बोलत आलो आणि त्याच भाषेत प्रश्न विचारून आलो होतो. सगळी लेणी पालथी घालून मला एक साधा शब्द ऐकू आला नव्हता. मला लाज वाटली, आणि थकवाही आला.

मी फक्कीचं घमेलं मागितलं आणि इमारतीच्या पूर्वेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दहा फूट रुंद ओसरीची रेघ मारली. दुपार कलली की सावली तिकडेच येणार होती. मुकादम कुरकुरला, "खांदल्यालं सोडून परत खांदायचं व्हय?" एव्हाना गयाबाई नातीचं औषध घेऊन परतली होती. ती कुदळ उचलत म्हणाली, "खांदू की. तेवढंच चार रोज काम वाढंल." माझ्या चुकीतून तिला चार दिवसांची भाकरी दिसत होती.

पंधरवड्यानं कचेरीतून कागद आला. मंजूर नकाशात नसलेली ओसरी कोणाला विचारून वाढवली, याचा खुलासा करावा. अन्यथा तेवढा पाया बुजवण्यात येईल. रविवारी सकाळी मी नगरच्या घरी लिहायला बसलो. उत्तरेचा शांत, थंड उजेड कागदावर पडला होता. घर माझंच, मीच काढलेलं; दारावरची कमानसुद्धा माझ्या प्रवासातल्या वहीतून उतरलेली. ओसरी राहणार की बुजणार ते आता या कागदावर होतं. मी लिहिलं, 'तेथील स्त्रियांना विचारून', आणि थांबलो. ते खरं नव्हतं. मी विचारलं नव्हतंच. गयाबाईनं न विचारता 'खांदू की' म्हटलं होतं, तेवढंच.

मान वर केली तर मागच्या दाराच्या पायरीवर बायको रेशनची तांबडी ज्वारी निवडत बसली होती. ऊन तिच्या पाठीवर आलं होतं. मी विचारलं, "इथं उन्हात का बसतेस?"

"आत स्वयंपाकघरात दिसतं कुठं?" सुपातून डोळे न काढता ती म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. नऊ वर्षं आम्ही त्या घरात राहत होतो.

कागद तसाच ठेवून मी उठलो आणि तिच्याशेजारी बसायला गेलो. पायरीवर एकाचीच जागा होती; मीच तेवढी काढली होती.