गाळलेली चारी

दिओलिंदा तोस्ते फार प्रेमळ होती असं कुणी सांगू लागलं, तर त्याची तिच्याशी कधी गाठ पडली नव्हती एवढंच समजावं. सत्तेचाळीस वर्षांची, अंगाने दणकट, उन्हाने रापलेली, आणि जीभ म्हणजे विळा. सॅन होआकीन खोऱ्यात, मर्सेडच्या पश्चिमेला, निम्मी वस्ती अझोर बेटांवरून आलेल्या गवळ्यांची. त्यातलीच ही. बावीस वर्षं ती कालव्यावर पाटकरी होती. पाण्याची पाळी आली की कुणाच्या शेताच्या पाणदाराचं चाक किती फेरे फिरवायचं आणि घड्याळात बघून कधी बंद करायचं, हे तिच्या हातात. अशा बाईला मित्र कुठून असणार? तिला ते नकोही होते.

कालव्याच्या कचेरीत भिंतभर नकाशा होता. त्यात सातव्या चारीचं पाणी सरळ चढावर जात होतं. नोकरीला लागल्यापासून दिओलिंदा सांगत होती की हे चूक आहे. एकदा नव्याने आलेला एक पोरगेला इंजिनिअर हसून म्हणाला, "बाई, तुमची पदवी कशातली?"

"पाण्यातली."

"ती भिंतीवर लावता येत नाही ना पण."

त्याच आठवड्यात तिने कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. विषय भूगोल. दिवसभर पाट, संध्याकाळी वर्ग, असं सहा वर्षं चाललं. दुधाच्या फॅक्टरीसमोर उभे राहणारे रिकामटेकडे विचारायचे, "काय दिओलिंदा, फ्रान्सची राजधानी आली का?"

"राजधानी नाही, तुझ्या शेताचा उतार शिकतेय. पाणी मागायला येशील तेव्हा सांगते."

सहाव्या वर्षीच्या एप्रिलात विद्यापीठाचं पत्र आलं. अडीच तासांवरच्या गावात, भूगोलाच्या पदवीला, एकदम तिसऱ्या वर्षात प्रवेश. खाली अट होती: या सत्रातल्या प्रत्येक विषयात किमान सी. एकात जरी डी आला तरी प्रवेश रद्द.

राहिलेला एकच विषय होता, प्रत्यक्ष मोजणी करून नकाशा काढण्याचा. शिकवायला ऑर्डवे नावाचा एकतीस वर्षांचा माणूस. तो तीन कॉलेजांत तासांवर शिकवायचा आणि जेवायचा गाडीत. त्याने सांगितलं होतं, आपापल्या माहितीतला मुलूख मोजा आणि काढा. दिओलिंदाने सहा नंबरचा पाट काढला. कागदाच्या माथ्यावर उत्तरेऐवजी पूर्व ठेवली, कारण पाणी पूर्वेच्या डोंगरातून येतं, आणि ज्या बाजूने पाणी येतं ते पाटकऱ्याचं वर. मे महिन्यात एका बुधवारी नकाशा परत मिळाला. वर लाल डी.

ती तडक कॉलेजच्या गाड्यांच्या तळावर गेली. ऑर्डवे गाडीत बसून सँडविच खात होता. तिने दार उघडलं आणि सुरुवात केली, "हे बघा मास्तर, तुमची उत्तर वर कुणी ठेवली? देवाने? पाणी काय होकायंत्र बघून वाहतं? मी बावीस वर्षं—"

"उत्तर कुठेही ठेवा," तो घास गिळून म्हणाला. "दिशेचा बाण काढलाय, पुरे झालं. पूर्व वर ठेवलीत ते मला आवडलं."

दिओलिंदाने लाल अक्षरावर बोट ठेवलं. "मग डी कशाचा?"

त्याने फोनवर उपग्रहाचं चित्र काढलं आणि तिच्या नाकासमोर धरलं. "निलगिरीच्या झाडांच्या रांगेपुढे हा पाट डावीकडे वळतो. पाऊण मैल चारी, टोकाला दार. तुमच्या नकाशात तिथे कोरा कागद."

"ती चारी कोरडी आहे."

"कोरड्या चारीवर एवढा हिरवा मका?"

"तुम्हाला काय कळतं मक्यातलं?"

"काही नाही. हिरवा रंग कळतो. शुक्रवारी दुपारी बारा वाजता मी गुण भरणार. त्याआधी मोजून आणा, नाहीतर डी."

"अगदी आमच्या कचेरीतल्या साहेबांसारखे बोलता."

"त्या साहेबांचा नकाशा खोटा आहे म्हणून तुम्ही वर्गात अर्धा तास खाल्लात," ऑर्डवे म्हणाला. "त्यांनी चुकून पाणी चढावर नेलं. तुम्ही जाणूनबुजून गायब केलंत. आता दार लावा, माश्या येतात."

तिने दार असं आपटलं की त्याचं उरलेलं सँडविच मांडीवर पडलं.

आता खरं काय ते सांगायला हवं. त्या चारीच्या टोकाचं एकतीस नंबरचं दार तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचं, बेल्मिरोचं. अकरा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात त्याने पाळी नसताना दार उघडलं आणि हिने पकडलं. दुसरा कुणी पाटकरी असता तर भाऊ म्हणून डोळेझाक केली असती. हिने दाराला साखळी घातली, कुलूप लावलं आणि कचेरीत कळवलं. त्याच्या दोन पाळ्या कापल्या गेल्या. मका उभा वाळला, चाळीस गाई विकाव्या लागल्या. त्या वर्षी पवित्र आत्म्याच्या सणाला सगळं गाव मांडवात सोपास, म्हणजे मांसाच्या रश्शात भिजवलेला पाव, खायला बसलं, तेव्हा बेल्मिरोने आपलं ताट उचललं आणि दुसऱ्या टेबलावर नेलं. तेव्हापासून दरवर्षी तोस्त्यांची दोन टेबलं. ते दार कचेरीने पर्डी नावाच्या पाटकऱ्याच्या फेरीत टाकलं, आणि दिओलिंदा निलगिरीपुढे गेली नाही ती नाहीच. नकाशा काढताना ती चारी विसरली नव्हती. गाळली होती.

गुरुवारी दहा वाजता ती टेप आणि नकाशा घेऊन तिथे गेली. बेल्मिरो गोठ्यातून बाहेर आला. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. तिला बघून त्याने टोपीसुद्धा मागे सारली नाही.

"कोण मेलं?"

"कुणी नाही. चारी मोजायचीय."

"पर्डीला पाठव."

"नकाशा पर्डीचा नाही, माझा आहे."

"माझ्या जागेत पाय टाकायचा नाही."

"चारीच्या दोन्ही अंगांना वीस-वीस फूट कचेरीची हद्द आहे. मला कायदा शिकवू नकोस."

"तुला कोण शिकवणार! आईने मला दूध पाजलं, तुला कायदाच पाजला."

दाराशेजारच्या खांबाला एक तोडलेली, गंजलेली साखळी टांगली होती. दिओलिंदाने ती ओळखली.

"अजून ठेवलीयस?"

"येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. म्हणतो, बहिणीने केलेला दागिना."

"चोरी केलीस म्हणून केला."

"गाईंना तहान लागली होती."

"ज्याची पाळी होती त्याच्याकडेही गाईच होत्या. उंट नव्हते."

टेप शंभर फुटांची. एकटीने ताणायची तर दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं. तिने ते जमिनीवर टाकलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "धर."

"मी? तुझा गडी आहे का मी?"

"मग बाजूला हो."

तो बाजूला झाला नाही. आला आणि टेपच्या टोकावर बूट रोवून उभा राहिला. "धरत नाहीये. उभा आहे. माझ्या घरापुढे मी कुठेही उभा राहीन."

"बूट दोन बोटं पुढे आहे. मागे घे."

त्याने शिवी हासडली आणि मागे घेतला. दर शंभर फुटांना ती खूण करायची, तो तिथवर चालत यायचा आणि पुन्हा टोकावर उभा राहायचा. निलगिरीपाशी पोचल्यावर तो म्हणाला, "एकोणचाळीस."

"वर साठ फूट. तू मोजत होतास?"

"चाळीस भरतील वाटलं होतं," बेल्मिरो म्हणाला. "एक गाय कमी पडली."

ती टेप गुंडाळत राहिली. त्याने तिच्या काखेतला नकाशा ओढून घेतला, उघडला, आणि बोटाने पाट धरून निलगिरीपर्यंत आला. बोट तिथेच थांबलं.

"कचेरीवाले मूर्ख. पाणी चढावर नेतात, पण शेत तरी दाखवतात," तो म्हणाला. "मी इथं गुरांचं शेण काढतोय आणि तुझ्या कागदावर वाळवंट. याच्यावर विद्यापीठात जाणार होय? तिकडे जाऊन काय दिवे लावणार आहेस?"

तिने नकाशा हिसकावला आणि गाडीत जाऊन बसली. गाडी चालू करायला तिला जरा वेळ लागला.

घरी येऊन तिने चारी काढली, दार काढलं. प्रत्येक दारापाशी मालकाचं नाव लिहायचं हा नियम तिचाच होता, मोडायचा तर बाकीची तीस नावंही खोडावी लागली असती. तिने आधी पेन्सिलीने, मग शाईने लिहिलं: बेल्मिरो तोस्ते.

शुक्रवारी अकराला ऑर्डवेने पट्टी लावून पाच मिनिटं नकाशा तपासला. फोनवरच्या चित्राशी ताडून पाहिला. "सी."

"फुटाफुटाने मोजलंय, आणि सी?"

"मोजलंत काल. गाळलंत आधी."

दिओलिंदाने नकाशा गुंडाळला. "बरं," ती म्हणाली. सी पुरेसा होता.

जुलैत विद्यापीठाने प्रवेश कायम केल्याचं कळवलं. त्याच सुमारास पर्डी कचेरीत कुरकुरत आला. "तुझ्या भावाने साहेबांना फोन केला. म्हणे पर्डी नेहमी अर्धा तास उशिरा येतो, तिला पाठवा. जाईपर्यंत तरी."

"पाठवा म्हणे! मी काय पार्सल आहे?" दिओलिंदा म्हणाली, पण फेरीच्या यादीत एकतीस नंबर स्वतःच्या हाताने लिहिला.

ऑगस्टात, ती जायच्या आदल्या आठवड्यात, शेवटची पाळी आली. सकाळी सहाला तिने चाक चार फेरे उघडलं. दुपारी दोनला परत आली तेव्हा बेल्मिरो दारापाशीच होता. साखळी खांबावर होती तिथेच होती.

"शेवटच्या चार सऱ्या राहिल्यात," तो म्हणाला. "दहा मिनिटं."

तिने घड्याळ बघितलं. दोन वाजले होते. पुढची पाळी शेजारच्या सिल्वांची.

"पाच," तो म्हणाला. "जाता जाता सख्ख्या भावाला पाच मिनिटं देत नाहीस?"

दिओलिंदाने चाकावर दोन्ही हात ठेवले.

"नाही," ती म्हणाली आणि दार बंद केलं.