आत्याबाईंची विहीर

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रागावल्या की त्यांचा आवाज खाली जाई. तो कुजबुजीवर आला की घरात भांडंसुद्धा वाजत नसे. "वरडून बोललं की मानूस आवाज ऐकतो, बोलनं न्हाई," असं म्हणायच्या.

बहात्तरच्या दुष्काळात ओढा आटला. वाळूत झिरे खणून बाया वाटीवाटीनं पाणी भरत. ओढ्याच्या वरच्या अंगाला साखर कारखान्याच्या सांडपाण्याचं तळं होतं, काळं, आंबूस वासाचं. त्याची देखरेख माझ्या नवऱ्याकडे होती. एका दुपारी तळ्याचा बांध पाझरू लागला. बांधाखालीच पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्या, झोपड्या होत्या. पाणी ओढ्यात सोडून तळं हलकं करा, असा कारखान्यातून हुकूम आला.

हे तळ्याची मोरी, पाणी सोडायची झडप, उघडायला निघाले, तोवर आत्याबाई ओढ्यात झिऱ्याच्या कडेला जाऊन बसल्या होत्या.

"आई, ऊठ. बांध फुटला तर मानसं जातील."

"आन् हे झिरं नासलं तर गाव काय पिईल?" आवाज इतका खाली, की ह्यांना वाकावं लागलं.

"मग करू काय? तूच सांग."

तेवढ्यात बांधाची माती ढासळली. कोप्यांमधून बाया लेकरं उचलून पळू लागल्या. आत्याबाई तळ्यापलीकडच्या आमच्या वावराकडे बघत राहिल्या. उताराचं वावर, त्यातच घरची एकुलती एक विहीर.

"आपल्या वावरात सोड," त्या म्हणाल्या.

ह्यांनी कुदळ घेतली. आम्ही आणि मजुरांनी मिळून तळ्यापासून वावरापर्यंत चर खणला. दिवस मावळेपर्यंत काळं पाणी वावरात पसरत होतं. आत्याबाई तिथंच उभ्या होत्या. नाकाला पदरही लावला नाही.

झिरे वाचले, कोप्या वाचल्या. पुढच्या वर्षी आमची ज्वारी डोक्यावर गेली, काळपट हिरवी. लोक बघायला आले. कणसं मात्र पोचट निघाली. विहिरीचं पाणी तांबडं झालं, त्यावर शेवाळाची जाड साय धरली.

"आई, चुकलंच आपलं," हे एकदा म्हणाले.

"चुकलं असतं तर मला झोप लागली नसती."

त्या विहिरीचं पाणी त्यांच्या हयातीत पिण्याजोगं झालं नाही. आत्याबाई गेल्या, तेव्हा शेवटच्या आंघोळीला पाणी कुठून आणावं म्हणून मी रिकाम्या घागरीजवळ उभी होते. बाहेर हंड्यांचा आवाज आला. ओढ्याकाठच्या आळीतल्या बाया भरले हंडे घेऊन दारात होत्या. कुणी बोलावलं नव्हतं.