सोनबाच्या डाव्या गालातला चारा

"टाकायचाच व्हता तर दगड बांधून टाकायचा. मोकळा डबा पाण्यावर तरंगतो, हे भोयाच्या पोराला मी सांगू?"

"हळू बोल. भिंतीपल्याड मालोजीची बायको बसली आसंल कान लावून."

"तिला कान लावायची काय गरज? तिच्या नवऱ्याच्या जाळ्यातच गावला डबा. समद्या आळीला दावून आला त्यो."

"दावू दे की. मी काय चोरी केली?" सोनबानं फेट्याचा शेव खोचला, तो सुटला, पुन्हा खोचला. "मांस गळाला लावलं. खाल्लं न्हाई. पंचांनी इचारलं तर तेच सांगीन."

"तेच सांगा. शपथंचं पवनेचं पाणी तोंडात घ्यायचं, गिळायचं आन म्हनायचं, हातानं लावलं, तोंडाला लागलं न्हाई. मंग सयाजीराव पोरीच्या सोयरिकीचा नारळ ठिवून जातील." शालनबाईनं आवाज खाली आणला. आतल्या अंधारात दोघांची लेक इंदू निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होती. "न्हाईतर घिऊन जातील."

"खरं हाय ते म्हनायला माझं काय जातंय?"

शालनबाई चुलीपुढून उठून त्याच्या अगदी समोर आली.

"चारा कुटं ठिवता तुमी?"

"म्हंजे?"

"होडीत बसल्यावर. गळाचा चारा कुटं ठिवता?"

 सोनबाची जीभ आपसूक डाव्या गालाकडे गेली होती.

सांगवीच्या भोईआळीत सोनबाचा डावा गाल सगळ्यांच्या ओळखीचा होता. मुळा आणि पवना जिथं जवळ येतात तिथं त्याचं सगळं आयुष्य गेलं. बाप सांगायचा, एका हातात वल्हं, एका हातात दोरी, मग चारा कुठं धरशील? तोंडात. आणि तोंडात राहिलेला चारा मऊ पडतो, ऊब धरतो, माशाला परका वाटत नाही. तेव्हापासून कणकेची गोळी असो, भाताचं ढेकूळ असो, नाहीतर भुईतून उकरलेलं गांडूळ असो, सोनबाच्या डाव्या गालात काहीतरी असायचंच. बोलायचा तोही तसाच, गाल फुगवून, अर्धी अक्षरं बाहेर आणि अर्धी आत. आळीतली पोरं त्याची नक्कल करायची. त्याच्या लग्नात अंतरपाट धरल्यावर भटजींनी विचारलं होतं, नवरदेवाची दाढ दुखतीय का? वऱ्हाडात जो हशा पिकला त्याची आठवण अजून निघायची.

एरवी माणूस सरळ म्हणावा असा नव्हता. कासारवाडीच्या स्टेशनाबाहेर मासे विकायला बसला की हातभर मरळ त्याच्या तोंडी कमरेएवढी व्हायची. सुटलेला मासा तर होडीहून लांब. ते खोटं त्याला कुणी मोजत नसे, तोही मोजत नसे. पण होडीत पाय ठेवण्याआधी तो ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा, गिळायचा आणि मगच होडी लोटायचा. त्या पाण्यापुढं त्यानं कधी बढाई मारली नाही.

डबा त्यानं खडकीच्या बाजारातून आणला. लष्कराच्या लिलावातला जुना माल तिथं मिळायचा. बूट, पट्टे, चमचे आणि हिरव्या रंगाचे डबे. होडीतलं पाणी उपसायला डबा बरा, म्हणून त्यानं दोन मरळ देऊन तीन डबे घेतले. आत काय आहे विचारलं तर विकणारा म्हणाला, "मटण. साहेब लोक खातात." कशाचं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. डब्यावर ना चित्र, ना अक्षर.

घाटाच्या खाली बसून सोनबानं पहिला डबा विळ्यानं फोडला. आत गुलाबी, ताठ, चरबीचा गोळा. फेकून द्यावा म्हणून त्यानं तुकडा पाण्यात टाकला आणि डोहाचं पाणी उसळलं. आठवडाभर त्याच्या गळाला अशा लांबसडक वामा लागल्या की त्या पाहायला लोक घाटावर यायचे. रिकामा डबा कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून त्यानं नदीत सोडला. मालोजी, त्याचा चुलतभाऊ, रिकामं जाळं झटकत बाजूला उभा असायचा.

"काय लावतोस रे?"

"कणीक," सोनबा म्हणायचा. गाल फुगवून.

आता शालनबाई त्याच गालाकडे बघत होती.

"आठवतंय?" ती म्हणाली. "त्या हप्त्यात रोज म्हनत व्हता, शालन, कालवण अळणी झालं. माझं कालवण कवा अळणी झालं, सांगा. जीभ तुमची खारट झाली व्हती."

सोनबा उंबऱ्यावर बसला. खारट. होय, खारट आणि जरा लवंगेसारखं. पहिल्या दिवशी हात दोन्ही गुंतलेले, वाम दोरी ओढतेय, आणि तुकडा गालात कधी गेला ते त्याला कळलंही नव्हतं. वितळलं होतं थोडं. गिळलं होतं. बरं लागलं होतं, हे तर त्यानं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"कशाचं आसंल गं ते?" त्यानं विचारलं.

"मला काय इचारता? गाईचं आसंल, डुकराचं आसंल. कशाचंबी असू दे. तुमी गिळलं न्हाई. एवढंच म्हनायचं."

"पाणी तोंडात घिऊन?"

"पोरीकडं बघा," शालनबाई म्हणाली. "आन म्हना."

उन्हं कलली तेव्हा घाटावरच्या उंबराखाली पंच बसले होते. मधे अर्जुनराव, आळीतले सगळ्यांत म्हातारे. त्यांच्यासमोर धुतलेल्या दगडावर दोन वस्तू ठेवलेल्या. चिंचवडहून सयाजीरावांनी इंदूसाठी आणलेला नारळ आणि मालोजीनं आणलेला हिरवा डबा. बायका वरच्या पायरीशी उभ्या होत्या.

"आधीच सांगतो," अर्जुनराव म्हणाले. "वाळीत टाकायला सरकारनं बंदी केलीय. आमी कुनाला वाळीत टाकत न्हाई. आमी फकस्त इचारतो. मंग कुनी कुनाच्या मांडवात जेवायला बसायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं."

"सरकार काय जेवाया येनार हाय?" मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले. सयाजीराव हसले नाहीत.

मालोजी पुढे सरकला. "अर्जुनराव, ह्याच्या गळाला रोज वाम. आमच्या जाळ्यात काय, तर डबा. वास घिऊन बघा."

"वास काय घिऊ? तूच घे, तुला गावलाय."

"मी जाळं दोनदा धुतलं."

"माझ्यासंगं मासे खाताना धुतलं न्हाईस तोंड," सोनबा एकदम म्हणाला. "त्या हप्त्यात माझ्या वामा कुनी कुनी नेल्या? मालोजी, तुझ्या घरात गेली. अर्जुनराव, तुमच्या सुनंनं नेली. सयाजीराव, तुमाला तर मीच धाडली, धा हात लांब वाम. त्या वामंनं त्येच खाल्लं व्हतं."

 कुणीतरी घसा खाकरला. मालोजी पंचांच्या तोंडाकडं बघू लागला.

अर्जुनरावांनी डब्यावरून हात फिरवला आणि हात धोतराला पुसला. "नदीत काय काय वाहतं, सोनबा. वरच्या गावाचं समदं वाहून येतं. माशाच्या पोटात काय गेलं ते आपन कवाच इचारलं न्हाई. इचारलं आस्तं तर भोयाची जात उपाशी मेली आस्ती. आपन मानसाच्या तोंडाचं इचारतो."

"बराबर," दोघंजण म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती.

सयाजीराव पहिल्यांदा बोलले. माणूस मऊ होता, आणि म्हणूनच सोनबाला त्याची जास्त भीती वाटली. "सोनबा, मला तुमची पोर पसंत हाय. घरच्यांना पसंत हाय. माझी भावकी मोठी, तिला मला उत्तर द्यावं लागतं. तुमी पानी घ्या, दोन शब्द बोला. मंग ह्यो नारळ हितंच ऱ्हाईल. मी काय डब्याकडं बघनार न्हाई."

"घेतो," सोनबा म्हणाला.

तो पायऱ्या उतरला. शेवटची पायरी पाण्याखाली होती, शेवाळानं निसरडी, पण त्याच्या पायांना ती पाठ होती. त्यानं वर पाहिलं. शालनबाई पदर दातात धरून उभी होती. तिच्यामागं इंदू, पायाच्या अंगठ्यानं दगड कोरत. ती बापाच्या तोंडाकडं बघत नव्हती. बापाच्या गालाकडं बघत होती.

तिला ठाऊक होतं की काय?

सोनबानं ओंजळ भरली. पवना गार होती. त्यानं पाणी तोंडात घेतलं.

"गिळ," अर्जुनराव वरून म्हणाले. "आन म्हन. हातानं लावलं, तोंडाला लागलं न्हाई."

पाणी गिळायला किती वेळ लागतो? रोज सकाळी घेतो, रोज गिळतो. पण आज ते जिभेवर थांबलं, मग जिभेनं त्याला सवयीनं डाव्या बाजूला सारलं, आणि तिथं ते बसलं, कणकेच्या गोळीसारखं, त्या गुलाबी तुकड्यासारखं. सोनबाचा गाल फुगला.

मालोजीनं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळायच्या ऐवजी पडला. आळीतल्या पोरांनी हजारदा केलेली नक्कल आज कुणी करत नव्हतं. सगळे त्या गालाकडं बघत होते आणि जो तो शेजाऱ्याच्या आधी समजून चुकला होता.

"सोनबा," सयाजीराव म्हणाले, "गिळा की वो. दोन शब्द."

"अवो," शालनबाई पायरी उतरत म्हणाली. "अवो, बोला. पोरीसाठी तरी बोला."

सोनबा वळला. निसरड्या पायरीवरून वर आला. शालनबाईनं त्याची बंडी धरली, ती हातातून सुटली. अर्जुनरावांच्या समोरून, डब्याला वळसा घालून, मालोजीच्या खांद्याला खांदा घासून तो गेला. इंदूपाशी त्याचं पाऊल जरासं अडखळलं. तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्यानं हात उचलला, मग ओला आहे म्हणून की काय, तसाच मागं घेतला.

मागं दगडावरून नारळ उचलल्याचा आवाज आला. सोनबा थांबला नाही. घाटाच्या वरच्या वाटेनं, होड्या पालथ्या घातल्या होत्या त्या बाजूला, तो चालत गेला, फुगलेल्या गालात पवनेचं पाणी तसंच धरून.