कामाची गोळी

नाशिकच्या डॉक्टरांनी मला सांगितलं की यापुढे दुखण्यावरची एकही गोळी घ्यायची नाही. डोकं दुखो, सर्दी होवो, कंबर मोडो. माझ्या मूत्रपिंडांनी इतकी वर्षं गोळ्या सोसल्या होत्या आणि आता ती थकली होती. असंच चालू राहिलं तर पुढे जन्मभर मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागेल, असं ते म्हणाले. मी विचारलं, "मग माझ्या मशीनवर कोण बसणार?" डॉक्टरांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी शिवणयंत्राबद्दल बोलत होते.

जव्हारच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानात मी कामाला आहे. मालक वयस्क आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. शाळा सुरू व्हायच्या सुमाराला गणवेशांचा ढीग पडतो. मान खाली, ट्यूबलाइट डोक्यावर आणि कापडाचे बारीक तंतू नाकात. दुपारपर्यंत शिंका, त्यानंतर डोकं उठतं ते घरी जाईपर्यंत. वर्षानुवर्षं माझा त्यावर एकच इलाज होता, चहा आणि गोळी. मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या मेडिकलवाल्याची कात्री पाकिटावर चाललेली असायची. आता त्याच्या दुकानासमोरून जाताना मी मान दुसरीकडे वळवू लागले, जुनं भांडण असल्यासारखी.

गोळीशिवायचे पहिले दिवस वाईट गेले. त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही, ज्याचं डोकं दुखतं त्याला ते माहीत असतं आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. चाचांनी त्यांच्या परीनं उपाय सांगितले. कातरणातली लांब पट्टी काढून ते माझ्या कपाळाभोवती करकचून बांधायला लावत. सर्दीवर त्यांचा उपाय वेगळा होता. ओव्याची पुरचुंडी ओल्या कापडात ठेवायची, वरून गरम इस्त्री दाबायची आणि जी वाफ येईल ती हुंगायची. "बेटी, माझ्या अब्बांनी आयुष्यात गोळी बघितली नाही," असं ते म्हणत. नाक मोकळं व्हायचं खरं. डोकं मात्र तसंच राहायचं, शिवाय गिऱ्हाइकं पट्टीकडे बघून कोणाशी मारामारी झाली म्हणून विचारायची.

घरी मी आणि आई दोघीच. आमचा पाडा जामसरच्या पुढे आहे, जमीन पूर्वीही नव्हती आणि आताही नाही. आईची उमेदीची वर्षं वीटभट्ट्यांवर गेली. दिवाळी झाली की ती आणि बा भिवंडीकडे जात, मी आश्रमशाळेत राही. त्यामुळे भट्टी मी फारशी पाहिलेली नाही. गोळी बंद झाल्याचं मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. मेडिकलवाल्याच्या गोळ्या लय वाईट. मी काढा देतंय तुना."

आणि काय काढा होता तो! गवती चहा, सुंठ, अडुळसा, मिरी, थोडा गूळ. ती पहाटे मी उठायच्या आत चुलीवर ठेवायची आणि जीपला निघताना माझ्या हातात पेला द्यायची. कडू लागायचा, पण अडुळसा कडूच असतो. मोखाड्याकडून येणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून मी जव्हारला पोचेपर्यंत डोकं हलकं झालेलं असायचं. दुपारसाठी ती बाटलीत भरून द्यायची, तीही कामाला येई.

मला गर्व चढला, हे मान्य करायला हवं. गोळ्यांवर जगणारी माणसं मला बावळट वाटू लागली. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या एका मास्तरीणबाईंना मी गोळ्यांचे दुष्परिणाम इतके ऐकवले की त्या माप न देताच गेल्या. चाचा म्हणाले, "तू बोल कमी आणि शिव जास्त." पण त्यांनाही हेवा वाटत असणार, कारण ते रोज विचारत की आज तरी डोकं दुखलं का. मी ऐटीत नाही म्हणायची.

काही महिन्यांनी रक्त तपासलं. कमी व्हायला हवा होता तो आकडा वाढला होता.

डॉक्टर चिडले. म्हणाले, "तुम्ही लपून गोळ्या घेताय." मी म्हटलं, एकही घेतलेली नाही. त्यांनी विचारलं, मग काय घेता? मी म्हटलं, घरचा काढा, आईच्या हातचा. ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले की मला त्यांचा संताप आला. रोज दुखणाऱ्या डोक्याला मी जिंकलं होतं आणि हा माणूस मला खोटारडी ठरवत होता. परतीच्या एसटीत मात्र मी कागदावरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचत होते. सगळं सोडूनही वाढतंय, म्हणजे आता सोडायला काही उरलं नाही, एवढंच मला कळत होतं.

आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी चाचांना सर्दीनं जाम धरलं. इस्त्री, ओवा, सगळं करून ते थकले आणि शेवटी नाक पुसत म्हणाले, "अम्मीला सांग, माझ्यासाठीपण बनव." मी घरी येऊन आईला सांगितलं. दुसऱ्या पहाटे मुद्दाम लवकर उठले, कारण चाचांना कृती हवी होती.

आईनं पाट्यावर सुंठ आणि मिरी घेतली. मग कनवटीची चंची सोडली, त्यातून गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी सुंठीवर ठेवली आणि वरवंटा फिरवला. चोरून नाही. मी समोर उभी होते, तिनं वर बघितलंही नाही. मीठ टाकावं तितक्या सहज तिनं ते केलं.

मी ओरडले, हे काय घालतेस?

"कामाची गोळी," ती म्हणाली. "ही डोक्याची नव्हं. तुना डाक्टरनी डोक्याची नको सांगलीय ना?"

मग मी तिला बसवून सगळं विचारलं. भट्टीवर मुकादम सकाळच्या चहाबरोबर गोळी वाटायचा. तिला कुणी औषध म्हणत नसे. औषध आजाऱ्याला लागतं, ही काम करणाऱ्याला. बाईला, गड्याला, तापात असो नसो, चहात साखर तशी गोळी. ती घेतली की हात चालतो. भट्टी सुटली तरी आईनं ती सोडली नाही, बाजारातून आणत राहिली आणि लाकडं फोडायच्या दिवशी स्वतःही घेत राहिली. डॉक्टरांचं म्हणणं तिनं अक्षरशः पाळलं होतं. डोक्याची एकही गोळी तिनं मला दिली नव्हती.

मी पाकीट उलटं करून बघितलं. मेडिकलवाला मला कापून द्यायचा तीच गोळी होती.

तेव्हा मला आईचा राग यायला हवा होता, तो आला नाही. स्वतःचीच लाज वाटली, त्या मास्तरीणबाईंची आठवण झाली. आईला मी समजावलं की ही आणि ती एकच, हिनंच माझी मूत्रपिंडं खाल्ली. चाचांचा काढा तिनं पाट्यावरून निपटून अंगणात फेकला आणि दुसरा वाटायला घेतला.

डोकेदुखी परत आली, व्याजासकट. आता काढा निव्वळ काढा होता. सर्दी उतरवायचा, घसा धरला की सोडवायचा, डोक्याला काही करत नसे. आई संध्याकाळी निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून कपाळावर ठेवायची आणि माझ्या कानशिलांवर बोटं दाबून बसायची. दुखणं त्यानं जायचं नाही, पण ते मी एकटी सोसत नव्हते. चाचांनी माझं मशीन ट्यूबलाइटखालून काढून दाराच्या उजेडात लावलं, तोंडाला बांधायला मलमल दिली आणि दुपारी थोडं आडवं व्हायची सवलतही दिली. हळूहळू चांगले दिवस वाईट दिवसांपेक्षा जास्त झाले. त्याहून मोठा विजय झाल्याचं मी आता कोणाला सांगत नाही.

पुढच्या तपासणीत आकडा खाली आला होता. थोडाच, पण डॉक्टर म्हणाले, मशीनचं आत्ता बोलायला नको. मी त्यांना गोळीचा उलगडा केला. त्यांनी कपाळावर हात मारला आणि मग आई कशी आहे ते विचारलं.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, उतरलं. गोळी थांबली आणि उतरलं. मला वाटलं ती देवाला हात जोडेल. ती तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले.

"म्हंजे येळेवर बंद केली का माणूस वाचतं?"

"हो."

तिनं तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाली, "तुझ्या बाचं तोंड सुजलं, पाय सुजलं. लघवी बंद झाली. तो चहा पीत नव्हता म्हणून मी त्याला भाकरीत घालून द्यायची. शेवटपत्तुर दिली. कामावर उभा राहावा म्हणून."

बा गेला तेव्हा मी आश्रमशाळेत होते. तो कशानं गेला हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला माहीतही नव्हतं. आता मला कळलं होतं आणि तिलाही. मी म्हटलं, "आई, बाला दुसरं दुखणं होतं. ते गोळीनं होत नाही."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "खोटं बोलतंस तू," ती म्हणाली. "तरी परत एकदा सांग."

मी परत एकदा सांगितलं.