खालानं न लावलेली राख

आधीच सांगून टाकतो. माझ्या नातवाच्या बेंबीवर पावडर मी टाकली आणि नाव खालाचं सांगितलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो.

खाला म्हणजे आमच्या किन्हीराजा गावातली जुनी सुईण. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात. तिच्याकडे उरलं होतं ते तान्ह्या बाळांची अंगं पुसणं आणि मालिश. नाळेच्या खुंटाला मात्र ती तेल, हळद, राख, काहीच लावायची नाही. "कोरडी राहू द्या. आपल्यानं झडते. मानसाच्या हातालेच दम राहत नाही," म्हणायची.

स्वतः कोपरापर्यंत साबण लावायची आणि दारात सगळ्यांना अडवायची. "मास्तर, हात धुतले काय?" वीस वर्षं मुलांना जंतू शिकवलेल्या माणसाला ते बोचायचं.

नातवाच्या जन्मानंतर पाचव्या दिवशी तो काळपट खुंट मला बघवेना. मेडिकलमधून सुगंधी पावडर आणली आणि बाळंतपणाला आलेली माझी मुलगी झोपलेली असताना भरपूर टाकली. दुसऱ्या दिवशीही टाकली. बेंबीची लाली पहिल्यांदा दिसली ती खालालाच. "आजच न्या दवाखान्यात," ती म्हणाली.

डॉक्टरांनी विचारलं, "काय लावलं?" मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "सुईण येते घरी. तिनंच राखबिख लावली असेल." डॉक्टरांना लगेच पटलं. थोडं मलाही पटलं.

बाळ चार दिवसांत बरं झालं. माझं वाक्य मात्र गावभर झालं आणि खालाला घरोघरची बोलावणी येणं बंद झालं. अंगणवाडीतल्या बैठकीत 'खालाची राख' हे उदाहरण होऊन बसलं. पुढे तिथे अंधश्रद्धेवर बोलायला मलाच बोलावलं. मी बोललो. बायांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी तिच्या दारात गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाली, "पावडर तुमचीच ना, मास्तर? वासावरून समजलं होतं मले."

"मग बोलल्या काहून नाही?"

"पोरगी वल्ली बाळंतीण होती. बापाचं असं आयकवलं असतं काय तिले?" सुपातून खडा काढत ती म्हणाली, "पन आता मले कोनी बोलावून नाही राह्यलं."

पुढच्या बैठकीला मी तिला सोबत घेऊन गेलो. समोरच्या सतरंजीवर मुलगी नातवाला घेऊन बसली होती. मी उभा राहिलो आणि तिच्यादेखत म्हणालो, "खालांनी राख लावली नव्हती. पावडर मी टाकली, खोटंही मीच बोललो. हात माझे होते, तेही न धुतलेले. मला माफ करा, खाला."