राजाचं सातचं इंजेक्शन

त्या वर्षी चैत्रात मी दत्तगुरूंशी धड बोलतच नव्हते. देवळात जाणं सुटलं नव्हतं, कारण गुरुवारी संध्याकाळी पाय आपोआप सदाशिव पेठेतल्या त्या लहानशा देवळाकडे वळतात. पण आत गेलं की हात जोडायचे, मूर्तीच्या पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांकडे बघायचं आणि मनात म्हणायचं, तुमच्याकडे चार सुखाने राहतात, माझ्या एकाची सोय तेवढी तुम्हाला लावता येत नाही. देवाला असं टोचून बोलू नये हे मला कळत होतं. पण मी एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढलेली बाई आहे. अर्ज दिला की काहीतरी उत्तर यावं, ही अपेक्षा अंगात मुरलेली.

तो एक म्हणजे राजा. निवृत्तीनंतर मी आठवड्यातून तीन-चार दिवस धायरीच्या पुढे एका लहान शेल्टरमध्ये मदतीला जाऊ लागले होते. तिथे हा तपकिरी, रुंद कपाळाचा म्हातारा कुत्रा होता. कुणीतरी त्याला फाटकाला बांधून निघून गेलं होतं. वय अकरा-बारा, मधुमेह, आणि त्यापायी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवसातून दोनदा, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, जेवण झालं की लगेच इन्सुलिन द्यायचं. वेळ चुकली की त्याचे पाय लटपटत. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, वेळा सांभाळल्या तर अजून वर्ष-दोन वर्षं आरामात काढेल, नाहीतर भरवसा नाही.

या वेळा सांभाळत होत्या शेल्टरमध्ये कामाला असलेल्या शांताबाई. धायरीतच त्यांचं घर, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ येणं त्यांना जमे. एक दिवस त्या म्हणाल्या, "ताई, पोरीचं पहिलं बाळंतपण हाय. आखाजी झाली की मी तिच्याकडं जाणार. तीन महिने तरी मी काय हितं न्हाय. ह्याचं कायतरी बघा." अक्षय तृतीयेला साडेतीन आठवडे उरले होते. बाकी आम्ही सगळी लांबून येणारी, दिवसाउजेडी परतणारी माणसं. माझ्या घरी न्यावं तर तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही, आणि माझ्या गुडघ्यांना माझंच ओझं झालेलं.

मग मी देवळाच्या फळ्यावर पाटी लावली. चप्पल काढतो तिथे तो फळा आहे. हरवलेल्या किल्ल्या, गाण्याचे क्लास, पोळ्यांना बाई हवी, सगळं त्यावर लागतं. मी लिहिलं: शांत, प्रेमळ, घरात रमणाऱ्या कुत्र्याला घर हवे. डोळे दिसणार नाहीत असा फोटो निवडला. आजाराचा उल्लेख केला नाही. खोटं एक अक्षर नव्हतं, पण ती पाटी खरीही नव्हती, आणि ती मी देवाच्या दारात लावली होती. वर आत जाऊन हात जोडले की, दत्तगुरू, कुणी फार चौकशी न करणारं पाठवा.

तसंच माणूस आलं. एक सुशिक्षित, हौशी कुटुंब राजाला घेऊन गेलं. "थोडं औषध असतं, सवय झाली की काही वाटत नाही," असं मी हसून सांगितलं. इंजेक्शन कसं द्यायचं ते दाखवलं, पण ते जन्मभर द्यायचं आहे आणि त्याला दिसत नाही, हे गिळलं. पाचव्या दिवशी त्यांनी त्याला परत आणून सोडलं. तो घरभर लघवी करत होता आणि फर्निचरवर आपटत होता. त्या गृहिणी मला एवढंच म्हणाल्या, "आपण आधी सांगायला हवं होतं." त्या बरोबर होत्या. राजा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. खात नव्हता, आणि खाल्ल्याशिवाय इंजेक्शन देता येत नव्हतं. शांताबाई मांडी घालून त्याच्या तोंडाशी भाताचा घास धरून बसल्या होत्या, आणि मी शेजारी उभी होते. इतकी शरम मला आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

पुढच्या गुरुवारी मी देवळात गेले ती रागातच. राग कुणाचा म्हणाल तर स्वतःचा, पण मी तो देवावर काढला. जुनी पाटी ओढून काढली आणि तिथेच पायरीवर बसून पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: कुत्रा म्हातारा आहे. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. मधुमेह आहे, बरा होणार नाही. सकाळी व संध्याकाळी सातला इंजेक्शन, नऊला जेवण. घरात लघवी करू शकतो. हौस म्हणून पाळणाऱ्यांनी फोन करू नये. खाली माझा नंबर. मग आत जाऊन म्हटलं, हे आहे हे असं आहे. आता मी काही झाकत नाही आणि काही सुचवतही नाही. तुमचं तुम्ही बघा. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मला शांत झोप लागली.

नऊ दिवस एकही फोन आला नाही. दहाव्या दिवशी सकाळी एक कोरडा, वयस्क आवाज आला. "दत्ताच्या देवळातली पाटी आपण लावलीत का?" मी हो म्हटलं. "पाटी चुकली आहे. सातला इंजेक्शन आणि नऊला जेवण? अहो, मधल्या दोन तासांत साखर उतरून बेशुद्ध पडेल तो. पाटी लावण्यापूर्वी माणसाने वाचून बघावं."

शेल्टरमधली बाकीची कुत्री सकाळी नऊला जेवतात, ते डोक्यात बसलेलं, रागाच्या भरात तेच खरडलं गेलं होतं. मी चूक कबूल केली आणि खरी पद्धत सांगितली. पलीकडच्यांचा विश्वास बसला नाही. "मी संध्याकाळी स्वतः येऊन बघतो. कुत्रा मला नको आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो."

ते साडेसहालाच स्कूटरवरून आले. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला आठी. सगळे त्यांना नाना म्हणत, असं पुढे कळलं. राजाने भात-चिकन संपवलं, तशी त्यांनी शांताबाईंच्या हातातून सिरिंज घेतली, उजेडाकडे धरून आकडा बघितला, राजाच्या मानेमागची कातडी चिमटीत धरली आणि सुई कधी गेली ते राजाला कळलंसुद्धा नाही. तो एरवी अंग आकसून घ्यायचा. त्या दिवशी त्याने फक्त मान वळवली आणि त्या हाताचा वास घेतला. बराच वेळ घेतला.

दुसऱ्या दिवशी सातला नाना परत हजर. मीही त्या दिवसांत अंधार पडेपर्यंत थांबू लागले होते. "पाटी दुरुस्त केलीत का ते विचारायला आलो," म्हणाले. तिसऱ्या दिवशी काही कारणही सांगितलं नाही. रोज सदाशिव पेठेतून धायरीपर्यंत सिंहगड रोडच्या त्या गर्दीतून यायचे, इंजेक्शन द्यायचे, दहा मिनिटं बसायचे, जायचे. शांताबाई माझ्याकडे बघून डोळे मिचकवायच्या. या वेळी मी कुणालाही काही पटवून देणार नव्हते.

आठव्या दिवशी राजाच्या पाठीवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता ते बोलले. त्यांच्या पत्नीला मधुमेह होता. तेरा वर्षं सकाळी सात आणि संध्याकाळी सात, इंजेक्शन त्यांनीच दिलं. शेवटी तिची नजर गेली. "जाऊन तीन वर्षं झाली. अजून सात वाजले की हात फ्रिजकडे जातो. दार उघडतो, आत काही नसतं, लावून टाकतो." मग म्हणाले, "दत्ताला गुरुवारी फूल वाहायचं, हे तिचं काम. मला तसं देवाचं काही नाही. फूल ठेवतो आणि फळ्यावरच्या पाट्या वाचतो."

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी ते रिक्षा घेऊन आले आणि राजाला घेऊन गेले. मी सोबत गेले. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. नजर गेल्यावर पत्नीला चाचपडायला लागू नये म्हणून सगळं सामान भिंतीला लावलेलं होतं, मधली वाट मोकळी, आणि ती गेल्यानंतरही नानांनी एक स्टूलसुद्धा हलवलं नव्हतं. राजा नाक जमिनीला लावून दारापासून स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि परत आला. कुठेही आपटला नाही. मग फ्रिजशेजारी एकदा गोल फिरून बसला. नाना म्हणाले, "तिथे थंड लागेल, गोधडी टाकतो," आणि आत गेले. गोधडी घेऊन यायला त्यांना बराच वेळ लागला.

मी चमत्कार वगैरे म्हणत नाही. एवढंच म्हणते की जे मी झाकत होते, तेच इंजेक्शन आणि तेच आंधळेपण, त्याचीच त्या घराला कित्येक वर्षांची सवय होती. मी ते लपवलं असतं तर नानांनी ती पाटी वाचून सोडून दिली असती, आणि माझी चूक झाली नसती तर त्यांनी फोनच केला नसता. देवाने माझं शहाणपण कुठे वापरलं नाही. वापरली ती चूक.

राजा त्या घरात पावणेदोन वर्षं राहिला. इंजेक्शन एकदाही चुकलं नाही. गुरुवारी संध्याकाळी तो नानांबरोबर देवळापर्यंत यायचा आणि चपलांजवळ बसायचा. नाना फूल ठेवून बाहेर येत, घड्याळ बघत आणि म्हणत, "चला, सातला पोचायला हवं." तो गेला तो झोपेतच, त्याच गोधडीवर. त्यानंतर दीड महिन्याने नाना शेल्टरमध्ये आले आणि विचारू लागले, "असं दुसरं कोणी आहे का, वेळेचं?"

राजा नानांकडे गेल्यावर मी ती पाटी फळ्यावरून काढायला गेले होते, तेव्हा दिसलं की कुणीतरी पेन्सिलीने 'नऊला जेवण' खोडून वर नीटस अक्षरात लिहिलं होतं, 'आधी जेवण'. अक्षर कुणाचं ते विचारायची गरज नव्हती. ती पाटी आता माझ्या देवघरात दत्ताच्या तसबिरीमागे आहे. हल्ली काही मागायचं असलं की मी आहे ते सगळं सांगते, चुकलेलंही तसंच राहू देते, आणि दुरुस्तीसाठी थोडी जागा सोडून उठते.